परकीय भाषेचे शब्द शिकताना: छापील शब्दकोश की इलेक्ट्रॉनिक?

परकीय भाषा शिकणाऱ्याला शब्दकोश दोन निराळ्या कामांसाठी लागतो, आणि या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळेच छापील कोश चांगला की इलेक्ट्रॉनिक हा वाद सुटत नाही. पहिले काम तातडीचे असते. वाचताना एखादा शब्द अडतो, त्याचा अर्थ कळला की वाचन पुढे सरकते. दुसरे काम लांब पल्ल्याचे असते. तोच शब्द महिन्याभराने पुन्हा भेटला तर कोश न उघडता ओळखता यावा, आणि पुढे बोलताना किंवा लिहिताना तो आपणहून सुचावा, अशी शिकणाऱ्याची अपेक्षा असते. इलेक्ट्रॉनिक कोशाची बाजू घेणारे बहुधा पहिल्या कामाविषयी बोलत असतात आणि छापील कोशाची बाजू घेणारे दुसऱ्या कामाविषयी; त्यामुळे दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी पटण्यासारखे वाटते.

'इलेक्ट्रॉनिक कोश' या नावाखाली नेमके काय येते, हे आधी स्पष्ट करायला हवे. १९७९ साली जपानमध्ये शार्प कंपनीने हातात मावणारे शब्दकोश-यंत्र बाजारात आणले. पुढे सीडीवरचे कोश आले, मग संकेतस्थळे आणि मोबाइलवरची ॲप आली, आणि आता ई-बुक वाचताना शब्दावर बोट ठेवले की अर्थाची चौकट तिथल्या तिथे उघडते. या सर्वांमध्ये पडदा एवढीच गोष्ट समान आहे. आतला मजकूर मात्र अगदी वेगवेगळ्या दर्जाचा आणि काळाचा असू शकतो. १९१३ सालचा वेब्स्टरचा मोठा इंग्रजी कोश स्वामित्वहक्काच्या बंधनातून मोकळा असल्यामुळे अनेक मोफत डिजिटल कोशांनी त्यातला मजकूर वापरलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणार्धात धुंडाळता येते, पण उत्तर मिळते ते १८५७ सालचेच. शोध आधुनिक झाला म्हणून नोंद आधुनिक होत नाही, आणि पडद्यावरच्या नोंदीवर तिचे वय बहुधा छापलेले नसते. छापील कोशाच्या पहिल्या पानांत आवृत्तीचे साल तरी सापडते.

शोधण्याच्या बाबतीत मात्र इलेक्ट्रॉनिक कोश इतका पुढे आहे की तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त त्याचे कारण पाने उलटण्याचा वेळ वाचतो एवढेच समजले जाते, ते अपुरे आहे. दीड हजार पानांच्या कोशात दर वेळी उरलेल्या पानांपैकी निम्मी बाद करत गेले, तर अकराव्या खेपेपर्यंत हवे ते पान हाती येते, आणि सरावलेल्या हाताला तेवढ्याही खेपा लागत नाहीत. खरी अडचण वेगळी आहे. कोशात नेमके काय शोधायचे, हेच नवशिक्याला माहीत नसते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मजकुरात 'गेलो' हे रूप भेटले, तर छापील कोशात त्याने 'जाणे' हा शब्द पाहायचा असतो. पण 'गेलो' हे 'जाणे'चे रूप आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोश उघडण्याची गरजच उरत नाही. फ्रेंचमध्ये 'जाईन' या अर्थाचे 'इरे' हे रूप 'अले' या क्रियापदाखाली शोधावे लागते. जर्मन भाषेत काही क्रियापदांचा उपसर्ग सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, आणि तो परत आणून क्रियापदाला पुढून जोडल्याशिवाय कोशातली नोंद सापडत नाही. म्हणजे छापील कोश वापरण्याआधी त्या भाषेचे निम्मेअधिक व्याकरण यावे लागते. चांगला इलेक्ट्रॉनिक कोश कोणतेही रूप टंकले तरी मूळ शब्दापर्यंत नेतो, आणि नवशिक्याच्या दृष्टीने हा फायदा वाचलेल्या अर्ध्या मिनिटापेक्षा कितीतरी मोठा आहे.

लिपी वेगळी असली की हा फरक आणखी वाढतो. चिनी लिपीत अक्षरमालाच नाही, त्यामुळे पारंपरिक कोशात चिन्हाचा मुख्य घटक ओळखून, उरलेल्या रेघा मोजून नोंद शोधावी लागते. १७१६ साली पूर्ण झालेल्या कांग्शी कोशाने अशा २१४ घटकांची मांडणी रूढ केली आणि पुढे दीर्घकाळ तीच वापरात राहिली. उच्चार माहीत असेल तर रोमन लिपीवर आधारलेल्या आधुनिक कोशात शोध सोपा होतो, पण अनोळखी चिन्हाचा उच्चार माहीत नसणे हीच तर शिकणाऱ्याची अडचण असते. पडद्यावर बोटाने चिन्ह काढले किंवा कॅमेरा रोखला की काम होते, तेव्हा चिनी किंवा जपानी शिकणाऱ्याला छापील कोशाची शिफारस करणे मला केवळ हट्टाचे वाटते.

छापील कोशाच्या बाजूने नेहमी एक मुद्दा मांडला जातो, की एक शब्द शोधताना शेजारचे चार शब्दही नजरेखालून जातात. हे घडते खरे, पण अक्षरक्रमाने शेजारी आलेल्या शब्दांचा एकमेकांशी अर्थाचा संबंध बहुतेक वेळा नसतो, आणि ओझरते पाहिलेले शब्द ओझरतेच विसरले जातात. अरबी भाषा मात्र इथे वेगळी ठरते. तिथले पारंपरिक कोश धातूंनुसार मांडलेले असतात. कार्यालय या अर्थाचा 'मक्तब' हा शब्द 'म'खाली मिळत नाही. क-त-ब या धातूखाली 'किताब' म्हणजे पुस्तक आणि 'कातिब' म्हणजे लेखक यांच्या सोबत मिळतो. अशा कोशात नवशिक्या वारंवार अडखळतो, पण धातू ओळखायला शिकला की त्याला एका शब्दासोबत शब्दांचे सबंध कुटुंब दिसते आणि भाषेची घडणही उमगते. शोधपेटीत शब्द टाकून केवळ एक ओळ दाखवणारे ॲप हे कुटुंब झाकून ठेवते. अरबीचा विद्यार्थी काही काळ जाणीवपूर्वक धातुकोश वापरत असेल, तर त्या कष्टांना मोल आहे.

इथून स्मरणाच्या प्रश्नाकडे येता येते. 'कष्टाने शोधलेला शब्द लक्षात राहतो' हे विधान शिक्षकांकडून आणि पालकांकडून इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्याच्या मागे खरा सिद्धांत आहे, पण तो थोडा निराळा आहे. १९७२ साली फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले, की एखादी गोष्ट किती काळ लक्षात राहील हे तिच्यावर मनाने किती खोलवर प्रक्रिया केली यावर अवलंबून असते. शब्दाचे केवळ अक्षररूप पाहिले तर स्मरण उथळ राहते, आणि अर्थाचा विचार केला तर ते टिकाऊ होते. २००१ साली बाटिया लाउफर आणि यान हुल्स्टाइन यांनी हीच कल्पना परकीय शब्दांच्या शिक्षणाला लावली. एखाद्या कामात शिकणारा किती गुंततो हे त्यांनी तीन घटकांनी मोजले: तो शब्द समजून घेण्याची गरज, त्याचा अर्थ मिळवण्यासाठी केलेला शोध, आणि मिळालेला अर्थ किंवा शब्द या ठिकाणी बसतो की नाही याची केलेली पारख.

या तीन घटकांतल्या 'शोधा'चा आधार घेऊन छापील कोशाचे समर्थन केले जाते, पण त्या मांडणीत शोध म्हणजे अर्थ मिळवण्यासाठी कोशाकडे किंवा शिक्षकाकडे वळणे, एवढेच अभिप्रेत आहे. तो शोध चार सेकंदांत संपला की चाळीस सेकंद चालला, याचे वेगळे गुण तिथे नाहीत. पाने उलटताना मन अक्षरक्रमाचा विचार करत असते, अर्थाचा नाही. आणि क्रेक-लॉकहार्ट यांच्या मांडणीनुसार पाहिले तर ही उथळ प्रक्रियाच ठरते. याउलट 'पारख' हा घटक अर्थाशी थेट भिडतो. नोंदीत सहा अर्थ दिले आहेत, त्यांतला माझ्या वाक्यात कोणता बसतो, हा विचार करताना शब्द मनात रुजतो. हा विचार छापील कोशासमोर बसून करता येतो आणि पडद्यासमोर बसूनही करता येतो, तसाच तो दोन्हीकडे टाळताही येतो.

प्रत्यक्ष प्रयोगांतूनही असेच संमिश्र चित्र दिसते. मुळात कोश वापरल्याने शब्द शिकले जातात का, या प्रश्नावर स्टुअर्ट लुपेस्कू आणि रिचर्ड डे यांनी १९९३ साली २९३ जपानी विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचताना द्विभाषिक कोश वापरणाऱ्यांना शब्दांच्या चाचणीत जास्त गुण मिळाले, पण त्यांना वाचनाला जवळपास दुप्पट वेळ लागला, आणि ज्या शब्दांच्या नोंदीत अनेक अर्थांची गर्दी होती तिथे कोशामुळे गोंधळही झाला. १९९६ साली हुल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच शिकणाऱ्या डच विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पानाच्या समासात (कडेच्या मोकळ्या जागेत) अर्थ छापून दिलेल्या गटाने कोश दिलेल्या गटापेक्षा जास्त शब्द शिकले. त्यामागचे कारण साधे होते. कोश हाताशी असूनही विद्यार्थी तो क्वचितच उघडत होते, मात्र ज्या शब्दांसाठी उघडला ते शब्द चांगले लक्षात राहिले. या निष्कर्षाकडे मी इलेक्ट्रॉनिक कोशाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून पाहतो, जरी तो प्रयोग त्यासाठी केलेला नव्हता. शोधाचा त्रास कमी झाला तर माणूस कोशाकडे वळतो तरी. अवजड ठोकळा दूरच्या फळीवर राहिला तर वळतच नाही.

पण निव्वळ वळण्याची संख्या वाढूनही पुरत नाही. जपानमध्येच कोयामा आणि ताकेउची यांनी केलेल्या तुलनेत इलेक्ट्रॉनिक कोश वापरणाऱ्यांनी कमी वेळात जास्त शब्द पाहिले, तरी त्या प्रमाणात त्यांचे आकलन वाढलेले दिसले नाही. सर्वांत बोलके उदाहरण पोलंडमधील संशोधक आन्ना जेम्यान्को यांच्या प्रयोगमालिकेचे आहे. २०१० साली त्यांनी कोबिल्ड या इंग्रजी कोशाची छापील आणि ऑनलाइन रूपे तपासली, तेव्हा अर्थ समजणे, शब्द वापरणे आणि नंतर आठवणे या सर्वच बाबतींत ऑनलाइन रूप सरस ठरले. पुढे त्यांनी तोच प्रयोग लाँगमन आणि ऑक्सफर्ड यांच्या कोशांवर केला, आणि तिथे ऑनलाइन रूप छापील रूपापेक्षा सरस ठरले नाही. माध्यमांची जोडी तीच असूनही निकाल बदलला. त्याचे कारण २०१२ सालच्या आपल्या लेखात त्यांनी पडद्यावर नोंद कशी मांडली होती आणि तिच्यापर्यंत कसे पोहोचता येत होते, या रचनेच्या तपशिलांत शोधले.

म्हणजे खरा प्रश्न माध्यमापेक्षा नोंदीचा आहे, आणि नोंद कशी असावी याविषयीचे बहुतेक शहाणपण छापील काळातच जमा झालेले आहे. मायकेल वेस्ट यांच्या १९३५ सालच्या कोशात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार केवळ १,४९० शब्दांचा वापर करून समजावले होते, जेणेकरून अवघड शब्दाचा अर्थ पाहताना आणखी दोन अवघड शब्द पुढ्यात येऊ नयेत. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९४२ साली तोक्योत प्रसिद्ध झालेला कोश, जो पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाच्या रूपाने जगभर गेला, क्रियापद वाक्यात कोणत्या रचनेत येते हे सांगण्यावर भर देणारा होता. १९७८ सालच्या लाँगमनच्या कोशाने सुमारे २,००० शब्दांत व्याख्या बसवण्याचा दंडक पाळला. १९८७ साली जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या कोबिल्डने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा संगणकावर साठा करून, त्यातून उदाहरणे निवडून, व्याख्या पूर्ण वाक्यांत दिल्या. ही सारी परंपरा दुर्लक्षून केवळ प्रतिशब्दांची यादी देणारे एखादे मोफत ॲप शंभर वर्षे मागे जाते, भले ते कितीही झटपट उघडो.

प्रतिशब्दांची किंवा तुटक व्याख्यांची यादी धोकादायक का ठरते, हे मुलांच्या उदाहरणावरून चांगले कळते. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी यांनी १९८७ साली असे दाखवले, की कोशातील व्याख्या वाचून वाक्य करायला सांगितल्यावर मुले व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलतात आणि त्याच्या जागी नवा शब्द ठेवून देतात. झीज होणे या अर्थाच्या 'इरोड' या इंग्रजी शब्दाच्या व्याख्येत 'ईट आउट' हे शब्द होते आणि त्यांचा बोलीतला अर्थ बाहेर जेवणे असा आहे, म्हणून एका मुलीने 'आमचे कुटुंब खूप इरोड करते' अशा आशयाचे वाक्य लिहिले. परकीय भाषेत प्रौढही नेमके हेच करतात. पहिला अर्थ वाचून थांबण्याची सवय दोन्ही माध्यमांत असते, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तिला अधिक खतपाणी मिळते, कारण दुसरा-तिसरा अर्थ दिसण्यासाठी पडदा सरकवावा लागतो. छापील पानावर लांब नोंद एका नजरेत येते; शब्दाला किती अर्थ आहेत आणि आपला अर्थ त्यांत कुठे बसतो, हे डोळ्यांना लगेच कळते. कागदाचा हा गुण शेजारच्या शब्दांच्या गुणापेक्षा कितीतरी खरा आहे. उलट कागदावर जागेची चणचण असल्यामुळे संक्षेपांची गर्दी होते आणि उदाहरणे कापली जातात, तर पडद्यावर ध्वनिमुद्रित उच्चार आणि हवी तेवढी उदाहरणे देता येतात. उच्चाराच्या बाबतीत तर छापील चिन्हे वाचायला शिकलेला विद्यार्थीही प्रत्यक्ष आवाज ऐकणे पसंत करील.

यंत्र-अनुवादाला कोश समजण्याची चूकही अलीकडे सर्रास होते. कोश शब्दाचे सर्व अर्थ पुढे ठेवतो आणि निवड वाचकावर सोपवतो. अनुवादाचे यंत्र ही निवड परस्पर करून टाकते, म्हणजे ज्या पारखेमुळे शब्द लक्षात राहतो तीच शिकणाऱ्याच्या हातून काढून घेते. मजकूर समजून पुढे जायचे असेल तर ते सोयीचे आहे. शब्द शिकण्यासाठी नाही. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने छान उदाहरणे देतात, पण त्यांनी आत्मविश्वासाने सांगितलेला अर्थ संपादित कोशाशी ताडून पाहावा लागतो.

शिकणाऱ्याने प्रत्यक्षात काय करावे, हे तो कोणत्या पायरीवर आहे त्यानुसार ठरते. इंग्रजी मजकूर आधाराशिवाय सहज समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन सांगते. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. तेवढ्यासाठी साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुटुंब) यावी लागतात. ज्याला दर ओळीत दोन शब्द अडतात, त्याने कोशाचे माध्यम बदलण्याऐवजी सोपा मजकूर निवडावा, कारण प्रत्येक शब्द पाहत बसल्यास वाक्याचा धागा हातातून निसटतो. मजकूर पेलण्याजोगा असेल, तर आधी संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधावा आणि मग कोश उघडावा. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण अंदाज आणि नोंद यांची तुलना होते आणि ती तुलना म्हणजेच पारख. पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द आधी पाहावेत, एकदाच आलेले दुर्मीळ शब्द खुशाल सोडून द्यावेत. लिहिताना मात्र क्रम उलटा होतो. तिथे अर्थ बहुधा ठाऊक असतो, पण त्या नामासोबत कोणते क्रियापद शोभते हे ठाऊक नसते, आणि तेवढ्यासाठी उदाहरणांनी समृद्ध असा एकभाषिक कोश लागतो. उदाहरणांच्या मजकुरातही शोध घेता येतो म्हणून इथे पुन्हा इलेक्ट्रॉनिक रूपच सोयीचे पडते.

एकदा पाहिलेला शब्द विसरला जाणार, हे गृहीतच धरावे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की विस्मरण सुरुवातीला सर्वांत वेगाने होते आणि मग मंदावते. त्यावरचा उपाय म्हणजे वाढत्या अंतराने केलेली उजळणी. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली त्यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत लोकप्रिय केली. त्यात बरोबर ओळखलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पुन्हा समोर येते, तर चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात परतते. २००६ पासून उपलब्ध असलेले अंकी हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम संगणकावर करते. इलेक्ट्रॉनिक कोशात पाहिलेल्या शब्दांची यादी आपोआप साठते, पण बहुतेक जण ती कधीच उघडत नाहीत. त्या यादीतून आठवड्याला पंधरावीस शब्द निवडून, ज्या वाक्यात ते भेटले त्या वाक्यासह कार्डांवर उतरवले, तर छापील कोशाच्या समासात पेन्सिलने खूण करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा हा विद्यार्थी कुठेही मागे पडणार नाही.

ही यादी कुठे ठेवावी, याचाही विचार करायला हवा. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने २०१२ साली जाहीर केले की यापुढे त्यांचे कोश छापले जाणार नाहीत आणि सर्व काही ऑनलाइन मिळेल. २०२३ साली ते ऑनलाइन कोशाचे संकेतस्थळही बंद झाले. जुन्या छापील प्रती ज्यांच्याकडे होत्या त्यांचे काही अडले नाही. म्हणून ऑनलाइन कोश निवडताना इंटरनेटशिवाय चालणारे रूप उपलब्ध असेल तर तेच उतरवून घ्यावे, आणि निवडलेले शब्द कोशाच्या खात्यात न ठेवता स्वतःच्या फाइलमध्ये किंवा वहीत ठेवावेत.